पाने उलटणारा संगणक

जून महिना उजाडला की शाळेच्या कार्यालयात एक प्रसंग हमखास घडतो. एखादे पालक दारात उभे राहून म्हणतात, "गुरुजी, आमच्या आजोबांचा दाखला पाहिजे होता. याच शाळेत शिकले ते." मुलीचा प्रवेश जात पडताळणीवर अडलेला असतो. इतर मागासवर्गीयांना १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो, अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा. कित्येक कुटुंबांजवळ असा कागद एकच, तो म्हणजे गावच्या शाळेतले दाखल-खारीज रजिस्टर. आजोबांचे नाव ठाऊक असते, पण वर्ष विचारले तर उत्तर मिळते, "साठ-बासष्ट असेल, नाहीतर थोडे आधी."

आता रजिस्टरातल्या नोंदी असतात मुले दाखल झाली त्या क्रमाने. नावाचा आणि पानाचा काहीही संबंध नाही. तेव्हा पहिल्या पानापासून बोट फिरवत जाणे एवढाच मार्ग उरतो. नोंद चाळिसाव्या पानावर सापडली तर नशीब चांगले. नसलीच, तर 'नाही' असे सांगण्यासाठीसुद्धा शेवटचे पान गाठावे लागते.

यावर सगळेच सुचवतात, की रजिस्टर संगणकात भरा म्हणजे काम झाले. पण संगणकात भरलेल्या नोंदीही भरल्या त्याच क्रमाने पडून असतात. 'अमुक नावाचा विद्यार्थी दाखव' अशी विचारणा केली, की संगणकसुद्धा पहिल्या नोंदीपासून शेवटच्या नोंदीपर्यंत जातो. तोही पानेच उलटतो. फक्त फार वेगाने उलटतो, म्हणून ते आपल्या लक्षात येत नाही. शाळेच्या पाच हजार नोंदींसाठी ही पद्धत चालून जाते. ती कुठे मोडून पडते आणि त्यावर उपाय काय, हे या लेखात पाहू या.

उपाय संगणकाहून जुना आहे. ज्यांनी घर किंवा शेत खरेदी केले आहे, त्यांच्या कानावर 'इंडेक्स टू' हा शब्द पडलेला असतो. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात दस्त नोंदले जातात ते येतील त्या क्रमाने. पण शोधणारा माणूस दस्ताचा क्रमांक घेऊन येत नाही. तो माणसाचे नाव तरी सांगतो किंवा जमिनीचा पत्ता तरी. म्हणून १९०८ च्या नोंदणी कायद्यातच कलम ५५ घालून ठेवले आहे, की प्रत्येक कार्यालयात चार सूची ठेवाव्यात. पहिल्या सूचीत दस्त करून देणाऱ्या-घेणाऱ्यांची नावे आणि दुसऱ्या सूचीत मालमत्तेचा तपशील. उरलेल्या दोन मृत्युपत्रे वगैरेंसाठी. दस्त एकच आणि त्याची जागाही एकच, मात्र तिथे पोचण्याच्या वाटा वेगवेगळ्या. तलाठ्याच्या दप्तरातही हेच दिसते. सातबारा गट क्रमांकाने लावलेला असतो आणि एका खातेदाराची सगळी जमीन एकत्र पाहायची तर आठ-अ काढावा लागतो.

डेटाबेसमधली सूची, म्हणजे संगणकाच्या भाषेतला इंडेक्स, नेमकी हीच वस्तू आहे. मूळ तक्त्याला हात न लावता, त्यातल्या एका किंवा अधिक रकान्यांतील मजकूर क्रमाने लावून, प्रत्येकापुढे 'मूळ नोंद अमुक जागी' असे लिहून ठेवलेली वेगळी वही.

तिची खरी गरज कुठे पडते हे समजण्यासाठी आपण गोंदिया जिल्ह्यातलेच एक उदाहरण घेऊ. १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्यातून वेगळा झालेला हा जिल्हा तलावांचा आणि धानाचा. कोहळी समाजाने पिढ्यान् पिढ्या बांधलेले हे तलाव मालगुजारांच्या ताब्यात होते. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली आणि तलाव सरकारकडे आले. तेव्हापासून त्यांना 'माजी मालगुजारी तलाव', थोडक्यात 'मामा तलाव', म्हणतात. पुष्कळ ठिकाणी हे तलाव साखळीने आहेत. वरचा तलाव भरला की सांडव्यावरून जाणारे पाणी खालच्या गावच्या तलावात उतरते, तो भरला की त्याच्या खालच्यात.

अनेक तलावांत गाळ साचला आहे. राज्य शासनाने २०१७ साली 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' ही योजना आणली, आणि गाळ काढावा याबद्दल कुणाचे दुमत नाही. पण आधी कोणत्या तलावाचा? वरच्या तलावाचा गाळ काढला की त्यात जास्त पाणी मावेल, आणि तेवढेच पाणी खालच्या तलावात उशिरा पोचेल किंवा कमी पावसाच्या वर्षी पोचणारच नाही. वरच्या गावाची सोय ती खालच्या गावाची गैरसोय होऊ शकते, आणि हे कळते सप्टेंबरअखेर, धान निसवण्याच्या वेळी, जेव्हा एक पाणी कमी पडले तरी लोंबीत दाणा भरत नाही. प्रत्यक्ष गाळ काढून प्रयोग करता येत नाही. करता येतो तो कागदावर किंवा संगणकावर, आभासी प्रयोग. यालाच सिम्युलेशन म्हणतात.

त्याचे गणित आठवीच्या मुलालाही समजेल असे आहे. तलावातले आजचे पाणी म्हणजे कालचे पाणी, अधिक पावसाने आलेले, अधिक वरच्या तलावांच्या सांडव्यांवरून आलेले, उणे बांध्यांना सोडलेले, उणे बाष्पीभवन आणि पाझर. साठवणक्षमतेहून जास्त झाले तर उरलेले खालच्या तलावाकडे. एवढीच बेरीज-वजाबाकी रोज, प्रत्येक तलावासाठी करत जायची.

त्यासाठी तीन तक्ते लागतात. 'पाऊस' या तक्त्यात केंद्र, तारीख आणि मिलिमीटर. 'तलाव' या तक्त्यात तलावाचा क्रमांक, क्षमता, जवळचे पर्जन्यकेंद्र, आणि त्याचे पाणी कोणत्या तलावात जाते त्याचा क्रमांक. आणि 'साठा' या तक्त्यात तारीख, तलाव आणि त्या दिवशीचे पाणी. हा तक्ता सुरुवातीला रिकामा असतो, प्रोग्रॅम चालत जातो तसतसा भरत जातो.

आकडे सोपे धरू. एक हजार तलाव, पंचवीस पर्जन्यकेंद्रे, तीस वर्षे, आणि दरवर्षी १ जून ते ३१ ऑक्टोबर हे १५३ दिवस. म्हणजे ४,५९० दिवस. पावसाच्या नोंदी होतात १,१४,७५०. तलाव आणि दिवस यांचा गुणाकार येतो ४५,९०,००० आणि तितक्या वेळा आपला प्रोग्रॅम तीन प्रश्न विचारतो: या केंद्रावर आज पाऊस किती? या तलावात काल पाणी किती होते? या तलावात कोणकोणत्या तलावांचे पाणी येते?

आता सूची नसेल तर काय होते ते मोजू. संगणक एका सेकंदात एक कोटी नोंदी चाळतो असे धरू. घरच्या संगणकाच्या मानाने हा अंदाज वावगा नाही. पावसाच्या प्रत्येक प्रश्नासाठी १,१४,७५० नोंदी चाळायच्या, आणि असे प्रश्न ४५,९०,०००. गुणाकार सुमारे ५२,६७० कोटी. म्हणजे साडेचौदा तास, नुसता पाऊस विचारण्यात.

दुसरा प्रश्न त्याहून वाईट, कारण 'साठा' हा तक्ता फुगत जातो. पहिल्या वर्षी त्यात सरासरी ७६,५०० नोंदी असतात. ते वर्ष वीस मिनिटांत पार पडते. विसाव्या मिनिटाला आपण समाधानाने हिशेब करतो, की तीस वर्षांना दहा तास, रात्रभर लावून ठेवू. सकाळी येऊन पाहावे तर प्रोग्रॅम अजून सहाव्या वर्षात रेंगाळलेला! तिसाव्या वर्षी तक्त्यात सरासरी पंचेचाळीस लाख नोंदी असतात आणि त्या एकट्या वर्षाला एकोणीस तास लागतात. तीस वर्षांची बेरीज होते बारा दिवस. असा प्रोग्रॅम आम्ही प्रथम लिहिला तेव्हा संगणकच बिघडला असावा असे आम्हांला वाटले होते. संगणक ठणठणीत होता. प्रोग्रॅम जसजसा पुढे जातो तसतसा मंदावत असेल, तर आधी संशय घ्यावा तो फुगत चाललेल्या तक्त्यात चाललेल्या बिनसूचीच्या शोधाचा.

तिसरा प्रश्न निरुपद्रवी दिसतो. तलावांचा तक्ता अवघा हजार नोंदींचा. लहान तक्त्याला सूची नको असे पुस्तकांत लिहिलेलेही आढळते. पण प्रश्न ४५,९०,००० वेळा विचारला की त्याचीही पावणेआठ मिनिटे होतात. तक्ता किती मोठा एवढेच पाहून भागत नाही, तो किती वेळा चाळला जातो तेही पाहावे लागते.

सूची असली की काय फरक पडतो? शब्दकोशात शब्द शोधताना आपण मधोमध उघडतो, पुढे की मागे ते ठरवतो, उरलेल्या भागाचे पुन्हा दोन भाग करतो. दर वेळी शोधाचे क्षेत्र निम्मे होते. १,१४,७५० नोंदी अशा निम्म्या-निम्म्या करत गेलो तर सतरा पायऱ्यांत एक नोंद उरते, कारण दोनाचा सतरावा घात १,३१,०७२ आहे. पंचेचाळीस लाख नव्वद हजारांना तेवीस पायऱ्या पुरतात. चाळीसपट नोंदी, आणि पायऱ्या फक्त सहाने वाढल्या. लॉगॅरिथम शिकवताना 'याचा उपयोग काय?' असे विचारणाऱ्या विद्यार्थ्यापुढे हे उदाहरण जरूर ठेवावे.

पण क्रमवार यादीला एक अडचण असते. मध्ये नवीन नोंद घालायची तर पुढच्या सगळ्या सरकवाव्या लागतात. आपला 'साठा' तर रोज हजार नोंदींनी वाढतो. या अडचणीवरचा तोडगा रुडॉल्फ बायर आणि एडवर्ड मॅक्रेट या दोघांनी बोइंग या विमान कंपनीच्या संशोधनशाळेत काम करताना १९७० साली मांडला, आणि आज बहुतेक डेटाबेस त्याच पद्धतीवर चालतात. तिला 'बी-ट्री' म्हणतात. हा 'बी' कशाचा, हे त्यांनी आपल्या निबंधात सांगितलेच नाही.

जुन्या ग्रंथालयातली कार्डांची कपाटे आठवा. प्रत्येक खणावर 'क ते ख' अशी चिठ्ठी. एक खण गच्च भरला की ग्रंथपाल सगळे कपाट रिकामे करत नाही. त्या एका खणाचे दोन खण करतो आणि चिठ्ठ्या बदलतो. बी-ट्रीमध्ये असेच होते. एका पानावर शंभरेक नोंदी मावतात असे धरले, तर सर्वांत वरच्या पानावर शंभर चिठ्ठ्या, प्रत्येक चिठ्ठी खालच्या एका पानाकडे नेणारी, त्या पानावर पुन्हा शंभर. तीन मजल्यांत दहा लाख नोंदी मावतात, चार मजल्यांत दहा कोटी. म्हणजे आपल्या 'साठा' तक्त्यातली कोणतीही नोंद फार तर चार पाने पाहून सापडते. पान भरले की त्याचे दोन होतात, बाकीचे झाड जागच्या जागी.

तिन्ही प्रश्नांना सूची दिल्यावर एका तलावाच्या एका दिवसासाठी सतरा, तेवीस आणि दहा मिळून पन्नास तुलना लागतात. एकूण तुलना तेवीस कोटींच्या आत. सूचीतून उडी मारून मूळ नोंदीवर जाण्याला नुसत्या चाळण्यापेक्षा दर वेळी जास्त वेळ लागतो हे खरे. तो धरूनही काम काही मिनिटांवर येते. उत्तर मात्र तेच राहते. पाझराचा अंदाज चुकला असेल तर तो सूचीने सुधारत नाही. पण गाळ काढण्याच्या वीस निरनिराळ्या योजना तपासून पाहायच्या असतील, तर बिनसूचीच्या प्रोग्रॅमला साडेआठ महिने लागतात, तोवर एक पावसाळा निघून जातो. सूची असलेला प्रोग्रॅम त्या एका दुपारी तपासतो. खालच्या गावाचे म्हणणे ऐकून पुन्हा एकदा चालवतासुद्धा येतो.

सूची करायची आज्ञा एका ओळीची असते. एसक्यूलाइट हा डेटाबेस फुकट मिळतो आणि शाळेच्या संगणकावर आरामात चालतो. त्यात 'क्रिएट इंडेक्स' हे शब्द इंग्रजी अक्षरांत लिहून पुढे सूचीचे नाव, तक्त्याचे नाव आणि कंसात रकाने द्यायचे. कठीण भाग आहे तो रकाने आणि त्यांचा क्रम ठरवण्याचा.

टेलिफोन डिरेक्टरी आडनावाने लावलेली असे, आणि एका आडनावात पुन्हा नावाने. तिच्यात 'सगळे कटरे' चटकन मिळत, 'कटरे, रमेश' आणखी चटकन. पण 'सगळे रमेश' शोधायचे तर पूर्ण डिरेक्टरी चाळण्यावाचून गत्यंतर नसे. पावसाची सूची (केंद्र, तारीख) अशी केली तर 'आमगावचा १५ जुलैचा पाऊस' आणि 'आमगावचा सगळा पाऊस' हे दोन्ही प्रश्न सुटतात. '१५ जुलैला जिल्ह्यात कुठे किती पाऊस झाला' हा सुटत नाही, त्याला (तारीख, केंद्र) अशी वेगळी सूची हवी. 'साठा'साठी (तारीख, तलाव) असा क्रम घेण्यात आणखी एक फायदा आहे. नवी नोंद नेहमी शेवटच्या तारखेची असल्यामुळे ती सूचीच्या शेवटच्या पानातच पडते. उलट क्रमात दररोज हजार नोंदी हजार ठिकाणी खुपसाव्या लागतात. मात्र एकाच तलावाचा तीस वर्षांचा आलेख काढायचा असेल तर (तलाव, तारीख) हाच क्रम बरा. प्रश्न आधी लिहून काढावेत आणि मग सूची ठरवावी, असे आमचे मत आहे.

तारखेवरून एक सूचना. आपण तारीख १५-०७-१९९४ अशी लिहितो. ती मजकूर म्हणून साठवली तर संगणक डावीकडून अक्षरे लावतो, आणि ०१-०६-१९९५ ही तारीख १५-०७-१९९४ च्या आधी येऊन बसते. नेमकी तारीख सापडते, पण 'जून ते ऑगस्ट' असा पट्टा सूचीतून काढता येत नाही. १९९४-०७-१५ असे, आधी वर्ष, मग महिना, मग दिवस लिहिले की हा घोळ मिटतो. तरीही 'सगळ्या वर्षांचा फक्त जुलै' हवा असेल तर सूची निरुपयोगीच. शब्दकोशातून 'वाडी'ने संपणारे शब्द शोधायला निघालो तर तो कितीही क्रमवार असून काय उपयोग? त्यासाठी महिन्याचा वेगळा रकाना ठेवावा.

मग सगळ्याच रकान्यांच्या सूची का करून टाकू नयेत? कारण प्रत्येक नवी नोंद प्रत्येक सूचीत लिहावी लागते. पाच सूची असतील तर एका नोंदीमागे सहा ठिकाणी लिखाण आणि तेवढी जागा. म्हणून पावसासारखी जुनी माहिती आधी पूर्ण भरावी आणि सूची नंतर करावी. 'साठा'सारखा चालता-चालता भरणारा आणि चालता-चालताच विचारला जाणारा तक्ता असेल तर सूची सुरुवातीलाच हवी. खरे सांगायचे तर कालचे पाणी डेटाबेसला विचारायचीच गरज नाही. हजार तलावांचे हजार आकडे प्रोग्रॅमने स्मरणात ठेवले की झाले. टाळता येईल तो प्रश्न टाळणे सूचीपेक्षाही स्वस्त. तक्ता मात्र ठेवावा, कारण वीज गेली तर पुन्हा १ जूनपासून आरंभ करावा लागू नये.

केलेली सूची संगणक वापरतो आहे की नाही, हेही विचारता येते. विचारणेच्या आधी 'एक्स्प्लेन क्वेरी प्लॅन' हे शब्द लिहिले की एसक्यूलाइट उत्तराऐवजी आपला बेत सांगतो. त्यात 'स्कॅन' शब्द आला तर तो तक्ता पहिल्यापासून चाळणार. 'सर्च' आला आणि पुढे आपल्या सूचीचे नाव दिसले तर सूची कामी आली. सूचीत 'युनिक' हा शब्द घातला तर एका केंद्राची एकाच तारखेची नोंद दुसऱ्यांदा भरू दिली जात नाही. तहसिलातल्या रजिस्टरावरून पाऊस उतरवून घेताना एक पान दोनदा लिहिले जाते. ती चूक इथे जागीच पकडली जाते.

शाळेच्या रजिस्टराला परत येऊ. त्याची सूची करायला पूर्ण रजिस्टर संगणकात भरावे लागत नाही. आडनाव, नाव, दाखल झाल्याचे वर्ष आणि पान क्रमांक, असे चार रकाने पुरतात. मूळ पान माणसाने उघडावे. अकरावी-बारावीच्या मुलांच्या एका गटाला सुटीत हे करता येईल, अर्थात मुख्याध्यापकांच्या परवानगीने आणि रजिस्टर कार्यालयाबाहेर न नेता. यात मुख्य अडचण शुद्धलेखनाची येते. एकाच घराण्याची नोंद कुठे 'बिसेन', कुठे 'बीसेन', तर कुठे 'रहांगडाले'चे 'राहांगडाले' झालेले. माणूस बोट फिरवताना हा फरक सांभाळून घेतो. सूची घेत नाही. तिच्या लेखी ही दोन वेगळी आडनावे, दोन वेगळ्या जागी. म्हणून रजिस्टरात जसे लिहिले आहे तसे एका रकान्यात जसेच्या तसे उतरवावे, शेजारच्या रकान्यात आजचे रूढ रूप लिहावे, आणि सूची त्या दुसऱ्या रकान्याची करावी.